कॉलनी काउंटर घ्यायचा होता: मकरपुऱ्याच्या प्रयोगशाळेतल्या नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

भाऊंनी सकाळी टेबलावर कोरी वही ठेवली. "ताई, यंत्र घ्यायचं नक्की. पण का घेतलं, कसं घेतलं, ते ह्यात लिहीत चला. उद्या ऑडिटर विचारेल." भाऊ म्हणजे आमचे मालक. पाणी आणि खाद्यपदार्थ तपासणारी आमची छोटी प्रयोगशाळा बडोद्यात, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत आहे. मायक्रोत, म्हणजे जिवाणू तपासायच्या विभागात, आम्ही तिघंच: मी, आमच्या गुजराती सहकारी बेन आणि जूनमध्ये लागलेला पोरगा.

कारण असं. ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्या गढूळ झाल्या, आणि पुढचे दोन महिने आमच्याकडे बाटल्यांची रांग लागली. त्यात एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी हुशारी केली. एकाच नळाखाली दोन बाटल्या भरल्या, एकीवर ए विंग लिहिलं, दुसरीवर बी विंग. आम्ही रिपोर्ट दिले: एका मिलिलिटरला एकीत ८६ कॉलनी, दुसरीत ११२. (कॉलनी म्हणजे पाण्यातला जिवाणू अगरच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या प्लेटवर वाढून दिसणारा ठिपका.) ते दोन्ही कागद घेऊन हजर. "पाणी तो एक ज छे. साचुं कयुं?" पाणी तर एकच, मग खरं कुठलं?

मला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

भाऊंचं निदान झटपट होतं: मोजणारे दमलेत, काउंटर म्हातारा झालाय, कॅमेऱ्याचं ऑटोमॅटिक यंत्र आणा. काउंटर म्हणजे प्लेट ठेवून प्रत्येक कॉलनीवर पेन टेकवायचा, की टिक वाजून आकडा एकनं वाढतो. तो म्हातारा आहे हे खरंच. काच ओरखड्यांनी भरलीय, दिवा पिवळा पडलाय, आणि प्लेट ठेवायची गादी इतकी मऊ झालीय की पेन जरा कापला की एका कॉलनीचे दोन टिक पडतात.

५ डिसेंबर, गुरुवार

यंत्राआधी स्वतःला तपासायचं ठरवलं. बारा प्लेटा घेतल्या, नंबर झाकून कोड लावले, तिघांनी वेगवेगळ्या वेळी मोजल्या आणि प्रत्येकानं दुपारी परत. जुना दंडक असा की तीच प्लेट स्वतः पुन्हा मोजली तर फरक ५ टक्क्यांच्या आत हवा, दुसऱ्यानं मोजली तर १० टक्क्यांच्या आत.

बेन दोन्ही वेळा पास. बेन मोजताना ओठ हलवतात, गुजरातीत, आणि मधे कुणी बोललं तर पहिल्यापासून सुरू करतात. मी पास, एका प्लेटवर काठावर. पोरगा दोनशेच्या वरच्या प्लेटांवर घसरला. तो चौकोनाचौकोनानं जातच नाही, दाट जागा दिसली की तिकडे धावतो. त्याला काचेवरची एक सेंटिमीटरची जाळी दाखवली, वरच्या डाव्या कोपऱ्यातून नांगरासारखं जायला सांगितलं. रेघेवरची कॉलनी कुठल्या चौकोनाची, हे आधी ठरवायचं: वरच्या आणि डाव्या रेघेवरची आपली, बाकी शेजारच्याची.

मग काउंटरची परीक्षा. कॉलनी-बिलनी काही नाही, रिकाम्या प्लेटवर मोजून १०० वेळा पेन टेकवायचा. आकडा आला १०४. परत केलं, १०३.

म्हणजे काउंटर तीन-चार टक्के जास्त दाखवतो, वाईटच आहे. पण ८६ आणि ११२ मध्ये तर तीस टक्क्यांचा फरक आहे. तो ह्या गादीतून आलेला नाही. भाऊंना हे सांगितलं तर म्हणाले, "कोटेशनं तर मागवा."

९ डिसेंबर, सोमवार

कोटेशनं मागवायची तर मोजायचं काय हे आधी ठरायला हवं. सेल्सवाल्यांच्या पुस्तिकांत सगळंच 'बॅक्टेरिया मोजणारं' असतं, आणि प्रत्येक यंत्र वेगळीच गोष्ट मोजतं.

स्पेक्ट्रोफोटोमीटर आमच्याकडे आहेच. तो गढूळपणा बघतो. पाणी डोळ्यांना गढूळ दिसायला मिलिलिटरमागे कोटीच्या घरात बॅक्टेरिया लागतात, आणि मेलेले-जिवंत त्याला सारखेच. नळाच्या पाण्याला तो उपयोगाचा नाही.

सूक्ष्मदर्शकाखालचा मोजणी-कक्ष स्वस्त आहे. बॅक्टेरियासाठीच्या कक्षाची खोली ०.०२ मिलिमीटर असते, लहान चौकोन ०.०५ मिलिमीटर बाजूचा. हिशेब केला तर एका चौकोनात सरासरी एक पेशी दिसली की मिलिलिटरला दोन कोटी. टाकीतल्या शंभर कॉलनीवाल्या पाण्यात ह्या कक्षानं शोधणं म्हणजे सुरसागर तलावात हरवलेली अंगठी शोधणं.

कुल्टर काउंटर: वॉलेस कुल्टर यांचं पेटंट १९५३ चं, रक्तपेशी मोजण्यासाठी प्रसिद्ध झालेलं. बारीक छिद्रातून पेशी गेली की विजेचा अडथळा क्षणभर वाढतो, तो मोजायचा. ३० मायक्रॉनच्या छिद्राला साधारण ०.६ मायक्रॉनपासून पुढचं दिसतं. आमचे बॅक्टेरिया एक मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. आणि धूळही तितक्याच आकाराची असते. त्याला दोन्ही सारखेच.

एटीपी म्हणजे पेशींतलं ऊर्जेचं रसायन. त्याचं यंत्र काजव्याच्या विकरावर चालतं. नमुन्यात जेवढं एटीपी, तेवढा उजेड. पंधरा सेकंदांत आकडा येतो, पण तो उजेडाचा आकडा आहे, डोक्यांचा नाही. कारखान्याचा ओटा धुतला गेलाय का, हे बघायला छान. ओट्यावर सांडलेल्या दुधाचं एटीपीही तो मोजतोच.

फ्लो सायटोमीटरवर माझा जीव अडकला, हे कबूल. पेशींना रंग द्यायचा, एकेक करून लेसरसमोरून न्यायच्या, आणि पंधरा-वीस मिनिटांत एकूण किती, त्यात आवरण फाटलेल्या किती, दोन्ही हातात. पण एक, किंमत लाखांच्या दोन आकड्यांत. दोन, साध्या चांगल्या नळाच्या पाण्यातही तो मिलिलिटरला हजारो, कधी लाखभर पेशी दाखवतो, कारण पाण्यातल्या बहुतेक पेशी आमच्या अगरवर उगवतच नाहीत. स्टेली आणि कोनोप्का यांनी १९८५ साली ह्या तफावतीला नावच देऊन ठेवलंय. शास्त्र म्हणून हे सुंदर आहे. पण सेक्रेटरींच्या हातात 'एक लाख' लिहिलेला कागद दिला तर संध्याकाळपर्यंत सोसायटीत पाण्याचे टँकर येतील. आणि तीन, आयएस १०५०० हे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणतं की पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय सापडता कामा नये. ते शोधायला आम्ही ०.४५ मायक्रॉनची गाळणी आणि अगर वापरतो, लेसर नाही.

उरलं काय? प्लेटच. आणि प्लेटवरच्या कॉलनी मोजायला दोन पर्याय: पेनवाला नवा काउंटर, नाहीतर कॅमेरावाला. पहिला हजारांत, दुसरा लाखांत.

१२ डिसेंबर, गुरुवार

ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्राचं, गॅस्केट गेलं. दिवस त्यातच.

१७ डिसेंबर, मंगळवार

कॅमेरावाल्याचा डेमो. मुलगा बोलका, सूट घातलेला, मकरपुऱ्याच्या धुळीत बूट पुसत आत आला. सोबत आणलेल्या प्लेटवर ई. कोलायच्या एकसारख्या गोल कॉलनी, जणू साबुदाण्याचे दाणे मोजून मांडलेत. यंत्रानं दोन सेकंदांत २१२ दाखवले. बेननं शांतपणे पेनानं मोजले, २०९. यंत्र चांगलं आहे यात शंका नाही.

मग मी आमच्या प्लेटा काढल्या. पहिली: झाकणावरचं पाणी टपकून दोन कॉलनी वाहून एक झालेली. दुसरी: गरम मसाल्याची, त्यात बॅसिलस जिवाणूचा पसरा, ओल्या कागदासारखी अर्धी प्लेट व्यापणारा. माणूस ही एकच कॉलनी धरतो, किंवा प्लेट रद्द करतो. यंत्रानं पसऱ्याच्या सुरकुत्या मोजून ३४० सांगितले. तिसरी, नमुना अगरमध्ये मिसळून ओतलेली प्लेट: वर पसरलेल्या मोठ्या कॉलनी आणि अगरच्या पोटात अडकलेल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बारीक दिसाव्यात म्हणून त्यानं संवेदनशीलता वाढवली, तर काचेच्या काठाची चमकही कॉलनी झाली.

"सर, थ्रेशोल्ड सेट करावं लागतं," तो मला म्हणाला. सर म्हणाला, ते सोडून देते. पण प्रत्येक प्लेटला थ्रेशोल्ड, म्हणजे कशाला कॉलनी म्हणायचं ती मर्यादा, मीच ठरवायची असेल, तर मोजलं कुणी?

एक मात्र लिहायलाच हवं. अडीचशेच्या आसपासच्या दाट, स्वच्छ प्लेटांवर आम्ही तिघं मान मोडून पाच-पाच मिनिटं घालवतो, तिथे ते आम्हाला सहज हरवतं. आणि प्रत्येक प्लेटचा फोटो राहतो. तो कामाचा आहे. यंत्र आठ दिवस ठेवून घ्यायची विनंती केली. जानेवारीत देतो म्हणाला.

१८ डिसेंबर, बुधवार

८६ आणि ११२. रात्री आकडे डोक्यातून जाईनात. मग विद्यापीठात असताना बाईंनी फळ्यावर लिहिलेलं आठवलं: विखुरलेल्या गोष्टी मोजल्या, तर मोजलेल्या आकड्याचं वर्गमूळ हीच त्यातली नैसर्गिक चढ-उतार. १०० कॉलनी आल्या तर १० इकडेतिकडे. २५ आल्या तर ५, म्हणजे २० टक्के. २५० ला सुमारे १६, म्हणजे सहाच टक्के. म्हणून तर २५ च्या खालच्या प्लेटा धरायच्या नाहीत; २५० च्या वरच्या सोडायच्या त्या गर्दीमुळे.

आता दोन बाटल्या. ८६ अधिक ११२, १९८. वर्गमूळ १४. फरक २६. वीसपैकी एकोणीस वेळा फरक १४ च्या दुपटीच्या आत, म्हणजे २८ च्या आत राहतो. आमचा फरक आतच आहे.

म्हणजे बेनचा हात, पोरग्याची घाई, पिवळा दिवा, कुणाचाच त्यात मोठा दोष नव्हता. दोन्ही बाटल्या खऱ्या होत्या. चूक इतकीच की आम्ही एकेका प्लेटवर आकडा छापला.

भाऊंना डब्यातल्या पोह्यांवर समजावलं. "पातेलं एकच. दोन वाट्या काढा. दोन्हींत शेंगदाणे सारखे येतील का?" त्यांनी खरंच मोजले. एकीत अकरा, दुसरीत सोळा. "मग वाटी मोठी घ्या," म्हणाले. बरोब्बर! वाटी मोठी म्हणजे एका नमुन्याच्या दोन प्लेटा, आणि सरासरी.

२६ डिसेंबर, गुरुवार

पाण्याची गोष्ट सरळ असते, एक मिलिलिटर थेट प्लेटवर. दूध-मसाल्याला मात्र पातळ करत जावं लागतं: एक मिलिलिटर नऊमध्ये, त्यातलं एक पुढच्या नऊमध्ये. तिथे काय चाललंय हे कुणीच बघितलेलं नाही.

आमचं एक मिलिलिटरचं पिपेट तराजूवर तपासलं. उकळून गार केलेलं पाणी, दहा वेळा. २५ अंशांना एक मिलिलिटर पाण्याचं वजन ०.९९७ ग्रॅम भरायला हवं. आमचं सरासरी ०.९४७. म्हणजे पिपेट एक नाही, ०.९५ मिलिलिटर देतंय. आतलं सील झिजलंय.

पाच टक्के म्हणजे काही नाही असं पोरग्याला वाटलं. त्याला बसवून गुणाकार करायला लावले. तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीला ०.९५ भागिले ९.९५, आणि शेवटी प्लेटवर परत ०.९५. उत्तर आलं, जेवढं यायला हवं त्याच्या ०.८३ पट. खऱ्या आकड्याच्या १७ टक्के खाली, आणि हे पोह्यांसारखं नशीब नव्हे, दर वेळी त्याच बाजूला. कॅमेरा हे कधीच सांगणार नव्हता. तो बिचारा प्लेटवर जे आलं ते दोन सेकंदांत अचूक मोजून चुकीचंच उत्तर देणार.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

पिपेट दुरुस्त होऊन आलं, वजन बरोबर. खूश होऊन ठेवलेल्या दुधाच्या नमुन्यावर तुलना केली तर आकडे अपेक्षेपेक्षा बरेच वर. दुपारभर डोकं धरून बसले. बेन चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, नळ्या बघितल्या का?"

नळ्या! आम्ही नऊ मिलिलिटर भरतो आणि मग ऑटोक्लेव्ह करतो. वाफेत थोडं उडतं. पाच नळ्या ओतून मोजल्या: ८.७ च्या आसपास सगळ्या. निर्जंतुक झाल्यावर नऊच्या दोन टक्क्यांत असायला हव्यात, म्हणजे ८.८२ च्या खाली नाही.

आता गंमत. कमी देणारं पिपेट आकडा खाली ओढत होतं, कमी भरलेल्या नळ्या वर. दोघांचा एकत्र हिशेब केला तर नऊ टक्के खाली. मी फक्त पिपेट सुधारलं, तर आता दहा टक्के वर! इतकी वर्षं दोन चुका एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून चालल्या होत्या, आणि मी एकीलाच घरी पाठवलं.

आजपासून द्रावण मोठ्या बाटलीत निर्जंतुक करायचं आणि गार झाल्यावर डिस्पेन्सरनं नऊ-नऊ भरायचं. डिस्पेन्सरचं कोटेशन मागवलं. भाऊंनी विचारलं, "काउंटरचं काय झालं?"

१३ जानेवारी, सोमवार

कॅमेरा आलाय, शुक्रवारपर्यंत आहे. उत्तरायणाची चिक्की तपासायला आली, दोन कारखान्यांची, तिळाची. बसवली आणि ३० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ७२ तासांना टाकली. उद्या-परवा सुट्टी, गुरुवारी बरोबर वेळेवर निघतील. घरी तिळगूळ करायचाय, त्यासाठी दांडिया बाजार गाठायला हवा.

१६ जानेवारी, गुरुवार

पोरग्याच्या बोटांवर मांज्याचे काप, पेन धरता येत नाही. वासी उत्तरायणाला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, गच्चीवरून उतरलाच नाही म्हणे.

चिक्कीच्या प्लेटा. कॅमेऱ्यानं पहिलीत ४१ मोजल्या. भिंगाखाली बघितलं तर त्यातल्या १२ कॉलनी, बाकी तीळ. पिठासारखे बारीक कण, पांढरट, कडेला किंचित पारदर्शक. खरं सांगायचं तर पहिल्या नजरेला मीही फसले. मग बेननं फ्रीजमधली जोडीची प्लेट आणली. ही त्यांची जुनी सवय: कणकण असलेल्या पदार्थाची एक जास्तीची प्लेट ओतून थंडीत ठेवायची, तिथे काही उगवत नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या. ज्याला जोडीदार आहे तो तीळ.

पुढच्या वेळी अगरमध्ये टीटीसी नावाचं रसायन घालून बघणार. जिवंत कॉलनी त्याला लाल करतात, तिळाला ते जमत नाही. चाळणीच्या पिशवीतून ढवळणंही सुरू करायचंय.

एक आडवा विचार: अगर ही मुळात स्वयंपाकघरातली चीज. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेत ती आली फॅनी हेसे यांच्यामुळे, त्या जेली घट्ट करायला वापरायच्या. पेट्रीनं १८८७ साली झाकणाची बशी दिली. तेव्हापासून आजवर ह्या धंद्याची अवजारं फारशी बदललेली नाहीत, आणि बेनची फ्रीजमधली प्लेट मी बघितलेल्या कुठल्याच सेल्सवाल्याच्या पुस्तिकेत छापलेली नाही.

२२ जानेवारी, बुधवार

भाऊंसोबत बैठक. ते थोडे रुसले. त्यांना येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला स्क्रीन हवी होती, आणि ते चूक नाही. धंद्यात दिसणंही लागतं.

मी सरळ मांडलं. आमच्याकडे दिवसाला फार तर चाळीस प्लेटा, त्यात निम्म्या मसाला, फरसाण, चिक्की, म्हणजे कॅमेऱ्याला न मानवणाऱ्या. रोज शंभराहून जास्त स्वच्छ प्लेटा काढणाऱ्या औषध कारखान्यानं कॅमेरा जरूर घ्यावा, मीच शिफारस करीन. आम्ही पेनवाला काउंटर घ्यावा. अटी: दिवा बाजूनं हवा आणि मागे काळं करता यायला हवं, म्हणजे पारदर्शक कॉलनी उजळतात, गादी कुठल्याही पेनानं चालायला हवी, म्हणजे मार्करचा ठिपका प्लेटच्या तळाला उमटतो आणि काय मोजलं ते दिसतं, आणि शंभर टिकांची परीक्षा आमच्यासमोर, पैसे देण्याआधी. उरलेल्या पैशात दुसरं पिपेट, डिस्पेन्सर आणि दर सहा महिन्यांनी कॅलिब्रेशन. फोटोसाठी मोबाइलचा स्टँड, फोटो नोंदीला, आकडा माणसाचा.

आणि आजपासून प्रत्येक पाण्याच्या दोन प्लेटा. अगर जास्त जाईल. भाऊ अगरच्या हिशेबावर बराच वेळ थांबले, मग म्हणाले, "पोहे मोजून बघितलेत मी. चालेल."

६ फेब्रुवारी, गुरुवार

काउंटर आला. शंभर टिक, पाच वेळा, पाचही वेळा शंभर. एकच तक्रार: टिक नाही, किंचाळी आहे. बेनच्या ओठांवरचे आकडे दर वेळी तुटायला लागले. चौथ्या प्लेटला त्यांनी स्पीकरच्या जाळीवर चिकटपट्टीचे दोन थर लावले आणि पुढे मोजायला लागल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

त्याच सोसायटीचे सेक्रेटरी आले. ह्या वेळी तीन बाटल्या: ए विंग, बी विंग, क्लब हाउस. तिन्ही झाकणांवर हिरव्या मार्करचं एकच अक्षर, एकच वळण. मी पावती केली आणि काही बोलले नाही. सहा प्लेटा ओतल्या. बुधवारी मोजायच्या.